बंद गाडीची तपासणी

मिरजेच्या खासनीस साहेबांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीला खोड जडली होती. दुसरा गिअर सोडून तिसरा पडायच्या वेळी इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पळायचीच नाही. साहेब निवृत्त चीफ इंजिनिअर. गॅरेजवाल्या इंदू सुतारांना त्यांनी चार गिऱ्हाइकांदेखत फर्मावलं, "गिअरबॉक्स खोला!"

"आधी त्याचं तेल बघते."

"तेल मी रोज सकाळी स्वतः बघतो, भरपूर आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर गॅरेजची पाटी उतरवा!"

इंदूताई जागच्या हलल्या नाहीत. "तेल बघितल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही."

त्यांनी गाडी फिरवून गरम केली, इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीचं टोक जेमतेम ओलं.

"अशक्य!" साहेब कडाडले. "सकाळी भरलेलं होतं!"

"इंजिन बंद असेल तेव्हा. सगळं तेल खाली उतरून साचतं, म्हणून जास्त दिसतं."

"तीस वर्षं मी मशीन बंद करूनच तपासलंय, बाई!"

"बरं साहेब, बंद असताना ही गाडी कधी गिअरला अडली?"

"बंद गाडी कशी अडेल?"

"मग बंद गाडीत तिचं दुखणं कसं दिसेल?"

साहेबांनी तेलाचा डबा आणायला सांगितलं.