सातबुरुजाचा किल्लेदार

नागपूरच्या गेमिंग मेळ्यात मुख्य मंच एकाच ऑनलाइन खेळाला मिळणार होता. वर्षानुवर्षं गाजलेल्या ‘रणसम्राट’चे मालक चांदोरकर मिशीला पीळ देत म्हणाले, “माझा खेळ लाखो लोक खेळतात. ह्या पोरीचा ‘सातबुरूज’ कालचा! तुलना तरी कशी करायची?”

“सोपं आहे,” मृण्मयी वझलवार म्हणाली. “मी तुमचा खेळ खेळते, तुम्ही माझा खेळा.”

दोघं संगणकापुढे बसले. थोड्याच वेळात मृण्मयी जांभई देत उठली. चांदोरकर मात्र हलेनात. जेवणासाठी हाका मारल्या, तर ओरडले, “मी किल्लेदार आहे! गड सोडून येऊ कसा?”

परीक्षकांनी मृण्मयीला विचारलं, “मग कोणता खेळ सरस?”

ती म्हणाली, “मी सांगणं बरं दिसत नाही. साहेबांनाच विचारा, पण आधी त्यांना उठवून दाखवा!”