शिदूनं आणली खटक्याची रायफल

एका गावात एक भोळा पुतण्या होता. भोळा म्हणजे किती? विहिरीत पाणी किती आहे बघून ये म्हटलं, की तो उडी मारून बघायचा. नाव त्याचं शिदू. आईबाप लहानपणीच गेले. येसाजीकाका आणि सगुणाकाकूनं त्याला वाढवलं. दोघांचे केस वेळेआधी पांढरे झाले ते त्यामुळेच, असं गाव म्हणायचं.

त्या वर्षी काकांच्या शेतात भुईमूग नुसता माजला होता. झाड उपटावं तर खाली शेंगांचा झुबका. वर्षाचं तेल त्या एका तुकड्यात होतं. पण ही बातमी डोंगरातल्या एका रानडुकरालाही लागली. ते रोज यायचं आणि दोन ओळी उकरून, शेंगा खाऊन, ढेकर देऊन जायचं.

काकू म्हणाली, "हे असंच चाललं तर वर्षभर बिनफोडणीची भाजी खायची तयारी ठेवा."

काकांनी आयुष्यात वाघ पाहिला होता, पूर पाहिला होता. पण बिनफोडणीच्या भाजीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

काकांकडे एक जुनी ठासणीची बंदूक होती. एकदा बार काढला की पुन्हा दारू ठासा, छर्रे ठासा, गज फिरवा. तोवर डुक्कर दुसरी ओळ संपवायचं. काका म्हणाले, "आता खटक्याची रायफलच पाहिजे. चापाखाली कडी असते. खाली ओढायची, वर घ्यायची, की दुसरं काडतूस तयार." पण डुकराच्या मागं पळताना काकांचा पाय मुरगळला होता. परवाना त्यांच्या नावाचा, पाय मात्र बिनकामाचा. राहिला कोण? शिदू.

काकांनी परवाना त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "कासमशेठच्या दुकानात जा. खटक्याच्याच रायफली काढायला सांग. खांद्याला लावून बघ. खांद्याला बरी वाटंल ती घे."

"बरं. ध्यानात ठेवीन," शिदू म्हणाला. आणि त्यानं ध्यानात ठेवलं. हीच तर त्याच्यात खोड होती.

कासमशेठ भला माणूस. काकांना ओळखत होता. त्यानं तीन रायफली मांडल्या. एक लांब, एक जड, एक आखूड. शिदूनं पहिली उचलली, कुदळीसारखी खांद्यावर टाकली आणि दुकानाबाहेर चालता झाला.

"अरे, कुठं चाललास?"

"खांद्याला बरी वाटती का बघतो."

लांब रायफल घेऊन तो बाजारातून एक चक्कर मारून आला. वाटेत तिनं दोन पाट्या आणि एक पागोटं पाडलं. जड रायफल घेऊन दुसरी चक्कर मारली. तिनं खांद्याला वळ उठवला. आखूड रायफल घेऊन तो वेशीपर्यंत गेला आणि हसत परत आला. "ही द्या. ही हाय का न्हाई, ते कळतसुद्धा न्हाई."

आता गंमत बघा. दाट पिकात वापरायला आखूडच रायफल चांगली. मूर्खाची निवड कधी कधी शहाण्यापेक्षा बरोबर येते. काका खूश झाले. रायफल फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "झकास. काडतुसं कुठायत?"

"काडतुसांचं तुम्ही कुठं सांगितलं?"

काकांनी कपाळावर हात मारला. "आरं येड्या, नुसत्या रायफलीनं काय डुकराला ढोसायचं? आन आता काडतूस घेताना अंदाजपंचे घेऊ नगस. मापाची वस्तू घरून न्यायची, आत घालून बघायचं. ना सैल, ना घट्ट. बरोबर बसलं तरच घ्यायचं. ध्यानात ठेव."

"ठेवलं."

पण दुसऱ्या दिवशी काकूचा भाऊ जेवायला येणार होता. काकू म्हणाली, "काडतुसं उद्या. आधी बाजारातनं एक चांगली कोंबडी घेऊन ये."

शिदूनं घरातलं पातेलं उचललं आणि निघाला. मापाची वस्तू न्यायची, हे त्याच्या ध्यानात होतं.

बाजारात त्यानं पहिली कोंबडी उचलली आणि पातेल्यात दाबली. कोंबडीला पातेल्याचा अनुभव नव्हता, ती ओरडली. "घट्ट होतीय," म्हणून शिदूनं दुसरी घेतली. तिचं डोकं बाहेर राहिलं. तिसरीनं शेपूट बाहेर ठेवलं. चौथीनं शिदूच्या नाकावर चोच मारली. तोवर पहिल्या तिघी सुटून बाजारभर झाल्या होत्या. एक मिरच्यांच्या ढिगात घुसली. एक हलवायाच्या जिलेबीवर बसली. कोंबडीवाली बाई काठी घेऊन शिदूच्या मागं, आणि शिदू पातेलं घेऊन कोंबड्यांच्या मागं. शेवटी त्याला हवी तशी एक मिळाली. पातेल्यात मावली, वर झाकणही बसलं. ती तो घरी घेऊन आला.

काकूनं झाकण उघडलं. आत दोन दिवसांचं पिल्लू.

"चिव," पिल्लू म्हणालं.

काकूच्या भावानं त्या दिवशी पिठलं खाल्लं. काका मात्र भडकले. "कोंबडी अशी आणत्यात व्हय? पायाला दोरी घट्ट आवळायची, तोंड खाली करायचं आन हातात लोंबकळत आणायची!"

"बरं. ध्यानात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी शिदू रायफल घेऊन काडतुसांना गेला. कासमशेठनं दोन प्रकारची काडतुसं पुढं ठेवली. दोन्ही त्या नळीला बरोबर बसत होती. एका जातीची गोळी टोकदार, दुसरीची बोथट.

"हिच्यासाठी बोथट ने," कासमशेठ म्हणाला.

"दोन्ही बसत्यात न्हवं? मग टोकदार द्या. डुकराला टोचायला बरी."

कासमशेठनं पाऊण तास समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो थकून म्हणाला, "काकांना दाखव आधी. रायफलीत घालू नको. बदलून देईन मी."

काडतुसं कापडी पिशवीत आली. शिदूनं पिशवीचं बूड दोरीनं घट्ट आवळलं, तोंड खाली केलं आणि हातात लोंबकळत निघाला. काडतुसं टपटप टपटप वाटेवर पडत राहिली. मागून येणारा एक म्हातारा म्हणाला, "पोरा, तुझं काहीतरी सांडतंय."

"सांडू द्या आजोबा. पाय घट्ट बांधल्यात, पळत न्हाईत ती."

घरी पोचेपर्यंत पिशवीत काडतुसं राहिली दोन. तीही दोरीखालच्या चुणीत अडकली म्हणून. शिव्या द्यायला काकांनी तोंड उघडलं, आणि काडतूस हातात येताच त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"टोकदार? नशीब सांडली! कुणाच्या पायाखाली येण्याआधी जा, वेचून कासमशेठला परत दे. आरं, ह्या रायफलीच्या पोटात काडतुसं एकामागं एक निजत्यात. मागल्याचं टोक पुढल्याच्या बुडाला टेकतं, आन बार पेटतो तो बुडातच. जरा धक्का बसला की भडका! तुझं थोबाड जाईल, माझं शेत जाईल. म्हणून सांगतो, जे जे एकामागं एक असंल, त्याचं टोक बोथट पाहिजे!"

"बरं. ध्यानात ठेवीन."

या खेपेला काकांनी शहाणपणा केला. शिदूला काहीच सांगितलं नाही. नुसती चिठ्ठी दिली. शिदूनं वाटेवरची काडतुसं वेचली, मोजून परत दिली आणि बोथट काडतुसांनी भरलेला पट्टा नीट घरी आणला. काहीही बिघडलं नाही. काका म्हणाले, "सुधारलं पोरगं."

दुसऱ्या दिवशी पोळा होता.

गावातले सगळे बैल रंगवून, झुली घालून वेशीकडं निघाले. पुढं पाटलांचा मानाचा बैल, मागं बाकीचे. शिदू पाराजवळ उभा होता. त्यानं नीट पाहिलं. बैल एकामागं एक. शिंगं टोकदार. वर पितळेच्या शेंब्या लावून आणखी टोकदार केलेली. त्याच्या अंगावर काटा आला. आता मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकणार, आणि गावाचा भडका!

तो घरी धावला. काकूनं बैलांना चारायला गूळ घालून कणकेचे गोळे केले होते. ती परात डोक्यावर घेऊन शिदू मिरवणुकीत घुसला आणि प्रत्येक शिंगावर एकेक गोळा खोचत सुटला. लोकांना वाटलं, काका काही नवस बोललेत.

मग दुसऱ्या बैलाला पहिल्या बैलाच्या शिंगावरच्या गुळाचा वास आला. त्यानं जीभ काढली. तिसऱ्यानं दुसऱ्याचं शिंग धरलं. पाटलांचा मानाचा बैल मागं वळला, कारण त्याच्या पुढं शिंगच नव्हतं. सगळी रांग गोल झाली. हलगीवाले मध्ये सापडले. वेशीवरचं तोरण पाटलांच्या गळ्यात पडलं आणि वेशीतून मानाचं म्हणून पहिलं कोण गेलं? पाटलांचं कुत्रं.

काका लंगडत आले. संतापानं त्यांना नीट बोलताही येईना. "शिद्या! सणाच्या जनावराची चेष्टा करतोस? पायावर पाणी घालायचं त्याच्या! कपाळाला टिळा लावायचा! गळ्यात माळ घालायची, वाजतगाजत घरी आणायचं आन पोटभर खाऊ घालायचं! ते खात असताना त्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई!"

शिदूला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "बरं काका. आता मातूर नक्की ध्यानात ठेवीन."

चार दिवसांनी काकूनं आपल्या मनानं एक काम केलं. शेंगा भरल्या होत्या. रायफल आणि पुतण्या यांच्या भरवशावर पीक ठेवण्यात अर्थ नाही, असं तिनं ठरवलं. चार बायका बोलावल्या, सकाळपासून सगळा भुईमूग उपटला, शेंगा तोडल्या आणि घराच्या पडवीत ढीग घातला. वर्षाचं तेल घरात आलं. शेतात उरली नुसती माती.

"आता येऊ द्या त्या डुकराला," काकू म्हणाली.

शिदू त्या ढिगाभोवती फिरू लागला तशी ती त्याच्या आडवी आली. तिनं त्याच्या खिशात मूठभर शेंगा घातल्या, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "तू शेतावर जाऊन बस बाबा. राखण कर."

काकांनी पट्टा आणि रिकामी रायफलही देऊन टाकली. ते काकूला हळूच म्हणाले, "बसू दे. तिथं आता बिघडवण्यासारखं काय राहिलंय?"

दिवस मावळायला आला. शिदू बांधावर बसला होता. डोंगरातून डुक्कर उतरलं. त्यानं इकडं उकरलं, तिकडं उकरलं. काही नाही. सगळं शेत हुंगलं आणि मान खाली घालून परत निघालं.

तासाभरानं काका पडवीत पान लावत बसले होते. वाटेवरून ढोलाचा आवाज येऊ लागला. ढुम् ढुम् ढुमाक्. नीट ऐकलं तर शिदूच तोंडानं वाजवत होता. पुढं शिदू, एकेक शेंग टाकत. मागं डुक्कर, एकेक शेंग खात. डुकराचे पाय ओले. कपाळावर तांबड्या मातीचा टिळा. गळ्यात काडतुसांचा पट्टा.

काकूनं किंकाळी फोडली. डुकरानं पडवीत पाय ठेवला, ढीग पाहिला आणि तोंड घातलं.

"शिद्या, गोळी घाल! रायफल भर!" काका खांबावर चढत ओरडले.

"काडतुसं त्येच्या गळ्यात हायत, काका."

"मग काढ!"

"खाताना अंगाला हात लावायचा न्हाई."

डुकरानं घाई केली नाही. पोट भरेपर्यंत खाल्लं. उरलेल्या शेंगांत लोळून त्यांचा पार भुगा केला. मग काडतुसं खुळखुळवत, अंगणातनं, डोंगराकडं निघून गेलं. पडवीत राहिली टरफलं.

काका खांबावरून खाली घसरले. त्यांना रडू येत होतं. "आरं कर्मा! शेतात एक शेंग न्हवती! आलं असतं आन उपाशी परत गेलं असतं!"

"तेच सांगतो ना काका," शिदू म्हणाला. "उपाशीच परत चाललं होतं बिचारं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलं होतं. म्याच हाका मारून मारून माघारी आणलं."