तांबूताईची ओढ

खेळण्यांना अजून सेल लागत नव्हते, तेव्हाची गोष्ट. खेळणी बनवणाऱ्या जनाक्कांनी खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडली. मांडतात तोच लोहोबा चुंबकाच्या अंगाला खिळे, चुका, टाचण्या धावत येऊन चिकटल्या. लोहोबाची छाती फुगली. शेजारची तांब्याची चकती तेवढी जागची हलली नाही.

“काय गं तांबूताई, आमची ओढ नाही वाटत तुला?”

“नाही बाबा,” तांबू हसून म्हणाली.

लोहोबाला ते फार लागलं. “ऐकलंत? जी चिकटत नाही, ती आपली नाही. काढा हिला मोडीत!” खिळ्यांनी लगेच डोकी डोलावली.

दसरा झाला आणि जनाक्कांनी लोहोबाला हातचाकावर आडवा बसवला. त्याच्या वर, थोडं अंतर ठेवून, तांबूला एका पितळी टोकावर तोललं आणि मूठ गरगर फिरवली. लोहोबा भिंगरीसारखा फिरू लागला, तशा खिळे, चुका, टाचण्या भराभरा उडून कोपऱ्यात पडल्या. बिचारा एकटा पडला. कसनुसं होऊन त्याने वर पाहिलं, तर तांबू त्याच्याच मागोमाग फिरत होती! ना स्पर्श, ना दोरी.

“अगं, तुला तर माझी ओढ नव्हती!”

“तू बसून होतास तेव्हा नव्हती. फिरायला लागलास आणि मला राहवेना.”

लोहोबा खुलला. “मग अशी मागे का? ये की बरोबरीनं!”

“नको रे बाबा! बरोबरीनं आले, तर तू मला पुन्हा बसलेलाच दिसशील!”