कोऱ्या बुडाचा करंडा

हेदवळच्या तळ्याकाठी तळेकरीण देवीचे लहानसे देऊळ आहे. गाभाऱ्यात देवीच्या पायाशी लाकडाचा एक करंडा असतो. वीतभर उंच, पोटाशी फुगीर, तोंडाशी आवळलेला. देवळाचे गुरव भागोआबा त्यात पेटती पणती ठेवून पाहुण्यांना दाखवतात. तेव्हा उजेड लाकडाच्या भिंतीतून बाहेर झिरपतो आणि करंडा पिकल्या रातांब्यासारखा दिसतो. फक्त खालची तीन बोटे काळोखी राहतात. तिथे लाकूड जाड आहे. त्यावर लाख नाही, आणि पटाशीचे ओरखडे जसेच्या तसे आहेत. एवढे नाजूक काम करणाऱ्याने बूड असे का सोडले, हे प्रत्येक नवखा माणूस विचारतो. आबा करंडा जागेवर ठेवतात, हात पुसतात आणि मग सांगतात.

फार मागे हेदवळात कातारी लोकांची बारा घरे होती म्हणे. लाकडाचा ठोकळा चरकावर चढवायचा, दोरीने गरगर फिरवायचा आणि त्याला पटाशी लावून डब्या, करंडे, पाळण्यावरची पाखरे काढायची, हे त्यांचे काम. लाकूड यायचे तळ्यापलीकडच्या राईतून, हेदीच्या झाडांचे, पिवळसर आणि दाट. राई देवीची, म्हणून परवानगीही देवीचीच घ्यावी लागे. कार्तिकी पौर्णिमेला दिवस मावळताना कातारी नवा करंडा घडवून त्यात पणती लावत आणि तळ्यात सोडत. पणती तेवत पलीकडच्या दगडाला लागली, तर वर्षभर राईत कुऱ्हाड न्यायची. वाटेत बुडाली, तर वर्षभर राई बंद.

एका वर्षी करंडा तळ्याच्या मध्यावर कलंडला. कातारी बसले, बोलले, आणि त्यांनी ठरवले की देवीला काम जाडेभरडे वाटले असणार. दुसऱ्या वर्षी त्यांनी भिंत पातळ केली, बूड गोल केले, लाखेचा हात दुप्पट दिला. तो करंडा मध्यावरही पोचला नाही. तिसऱ्या वर्षी त्याहून बारीक काम केले. तो पायरीपासून चार हातांवर आडवा झाला. पण आपल्या कामात सफाई कमी पडली, याखेरीज दुसरे काही एकाही कातार्‍याच्या मनात आले नाही. नऊ घरे गाव सोडून गेली. तीन उरली. त्यांनीही ठरवले, की यंदा पणती बुडाली तर चरक मोडून चुलीत घालायचे आणि निघायचे.

त्या वर्षी पाळी रवळू कातार्‍याची होती. त्याने देवीपुढे नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या देखत शब्द दिला, की या गावात झाला नाही इतका बारीक करंडा घडवीन, आणि काम अपुरे राहिले तर पुन्हा पटाशीला हात लावणार नाही.

रवळूची बायको येसू. ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्याच्या चरकाची दोरी ओढत होती. दोरी ओढणारे माणूस चरकाच्या पलीकडच्या अंगाला बसते. एकदा उजवा हात, एकदा डावा. ओढ म्हटले की ओढायचे, थांब म्हटले की थांबायचे. कामाबद्दल त्याला कोणी विचारत नसे, आणि त्याने सांगावे अशीही रीत नव्हती. येसूच्या तळव्यांना दोरीने घट्टे पडले होते. पण त्या घट्ट्यांतूनच तिला ठोकळा कळायचा, असे सांगतात. आधी तो भरल्या घागरीसारखा जड लागे, पोट कोरले जाई तसा हलका होई. भिंत किती उरली हे रवळू बोट लावून पाही. येसूला ते न पाहता ठाऊक असे.

घरात चांगला वाळलेला हेदीचा एकच ठोकळा उरला होता. आठ दिवस रवळू त्याच एका करंड्यावर होता. त्याने आधी खांदा काढला, मग तो आवडेना म्हणून बोटभर खाली उतरवला. तोंड आवळून घेतले. पोटाचा फुगवटा एका बाजूने सपाट वाटला, म्हणून सगळीकडून केसभर काढला. भिंत इतकी उतरली की उन्हात धरली तर पलीकडचे बोट दिसावे. मग लाख चढवली आणि केवड्याच्या पानाने घासून घासून तिच्यावर चकाकी आणली. शेजारच्या घरचे म्हातारे येऊन बघून, मान डोलावून गेले. पौर्णिमेच्या दुपारी फक्त बूड राहिले होते. ते उतरवून गोल करायचे, आणि मग करंडा ठोकळ्यापासून सुटा करायचा.

रवळूने पटाशी लावली. भुसा उडू लागला. प्रत्येक वेळी तो म्हणे, अजून एक हात. येसू ओढत होती. एवढ्यात तिच्या तळव्याला काहीतरी निराळे लागले. ठोकळा नुसता हलका झाला नव्हता, तो आतून थरथरत होता. पाखराचे पिल्लू मुठीत धरल्यावर लागते तसे.

कोणी न विचारता ती बोलली. "आता पुरे करा. लाकूड थरथरता."

"तू दोरी ओढ," रवळू म्हणाला. "लाकूड मी बघतंय."

"तुमका दिसता. माका लागता."

"अजून एक हात, येसू."

तिने आणखी दोनदा ओढले. तिच्या मनात काय आले असेल ते कोण सांगणार. नवऱ्याचा शब्द तिने कानांनी ऐकला होता. बूड अपुरे राहिले, तर त्याच्या हातातली पटाशी जाणार, हे तिला माहीत होते. करंडा फुटला, तर तळ्यात सोडायला काहीच उरणार नाही, हेही माहीत होते. तिसऱ्यांदा डावा हात यायचा, तिथे तिने दोरी सोडून दिली. चरक अर्ध्या फेऱ्यात थांबला.

रवळूने पटाशी कमरेला खोचली. मग म्हणाला, "माझो शब्द मोडलंस तू."

"शब्द मोडलो तर माझ्यावर घाला," येसू म्हणाली. "करंडो मोडलो तर कोणावर घालशात?"

रवळूने दाराबाहेर पाहिले. दोरीला दुसरे माणूस बोलवावे, तर सगळे तळ्यावर गेलेले. ऊन उतरत होते. शेवटी त्याने करवत घेतली आणि करंडा आहे तसा ठोकळ्यापासून कापून काढला. वर आरशासारखे काम, आणि खाली तीन बोटे जाड, कोरे, ओरखड्यांचे सपाट बूड.

तळ्यावर गावकर, म्हणजे गावाचे मानकरी, पुढे उभे होते. त्यांनी करंडा हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाले, "रवळू, करंड्याक पैरण घातलंस, आणि लंगोटी इसारलंस?"

लोक हसले. रवळू खाली बघत राहिला. हसणे थांबल्यावर येसूने पुढे होऊन पणती लावली. रवळूने देवीचे नाव घेतले आणि करंडा पाण्यात ठेवला.

आधीचे करंडे पाण्यावर पानासारखे राहायचे. हा तीन बोटे खाली बसला. वारा आला, तसा तो एका अंगाला झुकला. पण तो पुन्हा उभा झाला. कोरे लाकूड पाणी पीत होते, आणि जसे पीत होते तसे बूड अधिक जड होत होते. मध्यावर वाऱ्याने त्याला गोल फिरवले. तरी तो सरळ राहिला. पणतीचा उजेड त्या पातळ भिंतींतून पाण्यावर तांबडा पडला होता. करंडा पलीकडच्या दगडाला टेकला, त्याचा बारीकसा टक् असा आवाज अलीकडे ऐकू आला, असे सांगतात.

गावकरांनी डोक्यावरचे पागोटे काढले. ते म्हणाले, देवीला सफाई नको होती, तिला पाय रोवून उभे राहणारे काहीतरी हवे होते. राई मोकळी झाली. गेलेल्या घरांना निरोप गेले.

पण रवळू तळ्याला वळसा घालून गेला, करंडा घेऊन आला, तो देवीपुढे ठेवला आणि कमरेची पटाशी काढून तळ्यात टाकली. लोकांनी त्याला खूप समजावले. देवीने करंडा घेतला, आता शब्दाचे काय एवढे, असे म्हणाले. तो म्हणाला, "करंडो देवीन घेतलो. शब्द माझो होतो. तो माकाच पाळूक होयो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चरकाशी गेला आणि येसूच्या जागी बसला. दोरी हातात धरून वाट बघत राहिला. येसू दारात उभी होती. बाईने पटाशी धरावी, असे हेदवळात तोवर झाले नव्हते. पण दोन माणसांचे काम, आणि माणसे दोनच. ती जाऊन समोर बसली. तिची पहिली डबी वाकडी झाली, दुसरी फुटली. पुढे पुढे हात बसला.

पहिला करंडा तिला मनासारखा जमत आला, तेव्हा तिलाही तेच झाले म्हणतात. खांदा आणखी थोडा उतरवावा, भिंत आणखी थोडी घ्यावी, असे तिला वाटत राहिले. ती म्हणाली, अजून एक हात. दोरीवरून रवळू म्हणाला, "पुरे." येसूने पटाशी लाकडावरून उचलली. खांदा आहे तसाच राहिला.

आता गावात विजेची मोटर आली आहे. दोरी कोणाच्याच घरी उरली नाही. पण आजही हेदवळात कोणताही करंडा एकटे माणूस घडवत नाही. कातारी पटाशी धरतो, आणि मोटरचे बटण पलीकडे बसलेल्या बायकोच्या, भावाच्या किंवा आईच्या हाताशी असते. त्या माणसाने चरकाच्या चौकटीवर तळवा टेकवून बघायचे, आणि वाटेल तेव्हा 'पुरे' म्हणायचे. मग पटाशी लाकडावरून उचलायची. काम कुठेही आलेले असो, का म्हणून विचारायचे नाही.