कासवाने बंद केलेली घरघर

काचेच्या टाक्या घरोघरी नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. निर्मलाबाईंच्या टाकीत एक कासव आणि एक सोनेरी मासोळी राहत. कोपऱ्यातला फिल्टर दिवसभर घरघर करत पाणी गाळायचा.

"जरा गप्प बस की!" कासव त्याच्यावर खेकसायचं.

"पाणी गाळायचं तर आवाज होणारच," फिल्टर म्हणायचा.

एकदा निर्मलाबाई चार दिवस लेकीकडे गेल्या. कासवाने लगेच फिल्टरच्या नळीत एक गोटा दाबून बसवला. घरघर थांबली. कासव टाकीतल्या दगडावर चढलं आणि मान उंचावून निवांत ऊन खात बसलं.

तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून ते खाली उतरलं. पाणी गढूळ झालं होतं, त्याला वास येत होता. मासोळी तळाशी कलंडून धापा टाकत होती.

"अगं, मला सांगायचं तरी!" कासव घाबरून म्हणालं.

"परवापासून हाका मारतेय," ती कशीबशी म्हणाली. "तुझं डोकं पाण्याबाहेर होतं."

कासवाने धडपडत गोटा उपसला. फिल्टर पुन्हा घरघरू लागला. दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईंनी येऊन अर्धं पाणी बदललं, तेव्हा कुठे मासोळी सरळ झाली. तोवर कासव तिच्या शेजारून हललं नव्हतं.