'बस' म्हटल्यावर बसलेला कुत्रा

एका शहरात, सहाव्या मजल्यावरच्या घरात, एक कुत्रा राहत असे. तो इतका आज्ञाधारक होता की सोसायटीतली माणसे आपल्या मुलांना त्याचे दाखले देत आणि मुले त्याचा राग राग करत. शेजारच्या कुत्र्यांना इंग्रजीत बसायला सांगत. याच्या घरी मात्र मराठीचा अभिमान होता. मालक 'बस' म्हणाले की तो बसे, 'ऊठ' म्हणाले की उठे. एकदाच तो एका मांजरीमागे न विचारता उठला, तर पुढच्या सहलीला त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून सगळे निघून गेले. ते आठ दिवस तो दाराच्या फटीला नाक लावून पडला होता. तेव्हापासून न सांगता उठायची त्याने धास्तीच घेतली होती.

यंदा त्याला समुद्रावर नेले. तो वाळूत धावला, लाटांवर भुंकला, खारे पाणी पिऊन शिंकला. दुपारी सगळ्यांना भूक लागली. किनाऱ्यावर एक कॅफे होते. मुलांनो, कॅफे म्हणजे कालपर्यंतची खाणावळच. पाटी तेवढी नवी, भात आणि माशाची आमटी जुनीच. पाटीखाली लिहिले होते, 'कुत्र्यांना आत आणू नये.' वाळू तापली होती. म्हणून मालकांनी त्याला पाण्याकडच्या एका सपाट खडकावर नेले. समुद्राला ओहोटी होती, वाराही छान होता. "बस. मी ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही," असे बजावून ते जेवायला गेले.

थोड्या वेळाने एक फाटक्या कानाचा गावठी कुत्रा तिथे आला. तो त्या कॅफेच्या उष्ट्यावरच वाढलेला होता. त्याने सांगितले, की भरती लागली आहे, आणि इथे पाणी समोरून येत नाही, खडकाला वळसा घालून मागून येते. शहरातल्या कुत्र्याने मागे वळून पाहिले. मघाशी तो कोरड्या वाळूवरून चालत आला होता, तिथे आता पाणी खेळत होते. पण 'ऊठ' कुणी म्हटले नव्हते. कॅफेच्या ओसरीवर मालकांची पाठ दिसत होती. त्या पाठीकडे बघत तो बसून राहिला.

पाणी चढत गेले. एक लाट त्याच्या पंजांवरून गेली, तसा तो घाबरून अर्धा उठला. तेवढ्यात ओसरीवरून मालकांचा आवाज आला, "बस, बस!" तो मटकन खाली बसला.

"त्यांनी पाहिलं मला," तो म्हणाला.

"अरे मेल्या, ते तुला नाही म्हणाले," गावठी कुत्रा म्हणाला. "वाढप्याला म्हणाले. पानात भात पुरे झाला की माणसं असंच म्हणतात. आठ वर्षं ऐकतोय मी. त्या शब्दावर इथं कुणी बसत नाही, पळी थांबते."

"पण मलाच म्हणाले असतील तर?"

"तर रागावतील. रागवून घ्यायला तू जिवंत तरी हवास ना?"

एवढे बोलून गावठी कुत्रा पोटापर्यंतच्या पाण्यातून कसाबसा किनाऱ्याला लागला आणि तिथून भुंकत राहिला. आता खडकावर हा एकटाच उरला. पाणी छातीला लागले. ओसरीवरून पुन्हा "बस" ऐकू आले; या वेळी ते आमटीसाठी होते की आपल्यासाठी, हे त्याला काही केल्या कळेना. उठावे तर मालक पुन्हा टाकून जातील, बसावे तर समुद्र नेईल. त्याने शेवटचे एकदा त्या पाठीकडे पाहिले. पाठीला डोळे नसतात, एवढे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने पाण्यात उडी टाकली. नाकातोंडात पाणी गेले, पाय थकले. शेवटी गावठी कुत्र्याने पुढे येऊन त्याचा पट्टा दातात धरला आणि त्याला वाळूवर ओढून घेतले.

शेपूट पायांत घालून तो कॅफेच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. आता बोलणी बसणार म्हणून त्याने मान खाली घातली होती. मालक हात पुसत बाहेर आले.

"अरे, तू एवढा भिजलास कुठं?" ते म्हणाले, आणि मालकिणीकडे वळून त्यांनी विचारले, "याला आपण बसवलं कुठं होतं गं?"

मालकिणीने समुद्राकडे बोट केले. तिथे खडक नव्हताच. नुसते पाणी होते.

तात्पर्य : आज्ञा जरूर पाळावी, पण आज्ञा देणाऱ्याची पाठ समुद्राकडे असेल, तर पाणी आपणच पाहावे आणि वेळेवर उठावे.