अंबरच्या नावाने वाजलेला नगारा

एका राज्यात वेशीवर एक नगारा होता. मी लहान असताना तो वाजलेला मी ऐकला आहे. तो आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू येई. ज्याच्यासाठी तो वाजला त्याचा चेहरा मला आठवत नाही. कुणालाच आठवत नाही. त्या नगाऱ्याचा गुणच तसा होता.

वेशीवर तीन वाद्यं असत. कुणाची फजिती झाली, म्हणजे कुणी भर बाजारात घसरून पडला, की डफ वाजे. लोक हसत, पडलेलाही हसे, आणि दिवेलागणीपर्यंत सगळे विसरून जात. कुणाची बदनामी होऊ लागली, म्हणजे खरंखोटं ठाऊक नसताना लोक बोलू लागले, की घंटा वाजे. मग खरं कळेपर्यंत त्या माणसाविषयी कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती. आणि कुणाच्या हातून खरोखर काळं कृत्य घडलं, त्याला कलंक लागला, तरच नगारा. नगारा वाजला की त्या माणसाचा चेहरा सगळ्यांच्या मनातून पुसला जाई, त्याची वाचा जाई, आणि तो वेशीबाहेर निघून जाई.

पुढे त्या राज्यात उदयभान नावाचा राजा झाला. त्याच्या खजिन्यात पूर्वजांचा एक निळा मणी होता. मणी शापित होता. जो तो खजिन्याबाहेर नेईल त्याचं मन भित्रं होईल, असा शाप. म्हणून तो कुलपात असे, आणि कुलूप अंबर नावाचा रखवालदार सांभाळी.

एके दिवशी मणी नाहीसा झाला. राजाने घंटा वाजवू दिली नाही. चौकशी केली नाही. "अंबरने नेला," म्हणाला, आणि नगाऱ्यावर टिपरी पडली.

त्या क्षणी राज्यातल्या पाण्यात चेहरे दिसेनासे झाले. विहिरीत डोकवावं तर आभाळ दिसे, झाडं दिसत, डोकावणारा दिसत नसे.

अंबरच्या बायकोचं नाव सुरंगी. तिला नवऱ्याचं नाव आठवे. उशीला त्याच्या तेलाचा वास येई. भाकरीचा पहिला तुकडा तो तिला देई, हेही आठवे. पण तो तुकडा देणाऱ्या हाताच्या वर पाहू गेली, की तिथे धुकं. ती रोज संध्याकाळी दोन पानं वाढी आणि समोरच्या पानाकडे बघत बसे. शेवटी एका सकाळी ती उठली आणि नदीपलीकडच्या जोगिणीकडे निघाली.

वेशीखालच्या घाटावर नाव होती. नावाडी मुका होता, आणि त्याचा चेहरा पाहिला तरी मनात राहत नसे. सुरंगी नावेत बसली. नावाडी तिच्याकडे बघत राहिला, म्हणून तिने पदर सावरला. तो अंबर होता. तुम्हाला सांगतो, तिला सांगायला त्याला तोंड नव्हतं.

जोगीण म्हणाली, "चेहरा हवा?"

"माणूस हवा. चेहऱ्यावाचून तो ओळखू कसा?"

"मग तीन गोष्टी आण. त्याच्यावर कुणी हसलं असेल तर ते हसू आण. त्याच्याविषयी जो शब्द पहिल्याने बोलला गेला, तो शब्द आण. आणि ज्या करणीसाठी नगारा वाजला, ती करणी आण." तिने सुरंगीला एक मडकं दिलं.

सुरंगी बाजारात आली. बांगड्या विकणारी येसू म्हणाली, "हसले होते गं मी! छबिन्याच्या मिरवणुकीत तुझ्या नवऱ्याचं पागोटं बैलाच्या शिंगात अडकलं. बैल पुढे, नवरा मागे! डफ वाजला तेव्हा तोसुद्धा हसत होता." आणि आठवून ती पुन्हा हसली. सुरंगीने ते हसू मडक्यात धरलं. सावरीच्या कापसासारखं हलकं होतं ते. जोगिणीने हातात घेऊन वाऱ्यावर सोडलं. "याने कुणाचं काही बिघडत नाही," म्हणाली.

मग सुरंगी शब्दाच्या शोधात निघाली. माळिणीने परटाकडून ऐकलं होतं, परटाने पहारेकऱ्याकडून, पहारेकऱ्याने राजाच्या खिडकीतल्या साळुंकीकडून. सुरंगी खिडकीखाली उभी राहिली.

"अंबरने मणी नेला, हे तू बोललीस?"

"बोलले. पाठ होतं."

"कुणी पढवलं?"

"पढवायला मी काय पोपट आहे?"

"चुकलं, साळुंकीबाई. कुणी शिकवलं?"

"आता कसं बोललीस! राजाने. डाळिंबाचे दाणे भरवून. गोड होते, म्हणून मी अर्थ विचारला नाही." साळुंकीने चोच उघडली आणि शब्द मडक्यात पडला. तो दगड होता. जितक्या तोंडांतून गेला तितका जड झाला होता. नावाड्याने तो उचलून नावेत ठेवला.

जोगीण म्हणाली, "हा ज्याचा आहे त्याला परत द्यायचा. आता करणी."

सुरंगी पुन्हा साळुंकीकडे गेली. "मणी कुठे आहे, बाई?"

"राजवाड्यामागच्या तळ्यात. राजाने हौसेने गळ्यात घातला आणि पोहायला उतरला. मणी निसटला. मला फार हसू आलं. राजा मात्र काठावर बसून घाबरून गेला, की आता माझ्या नावाने डफ वाजेल."

सुरंगीने तळ्यात बुडी मारली. तळाच्या गाळात मणी निळा जळत होता. राज्यातल्या कुठल्याच पाण्यात चेहरा दिसत नव्हता. पण मण्यात एक चेहरा होता. ज्याच्या गळ्यातून तो सुटला त्याचा. राजाचा.

तिने मणी जोगिणीपुढे धरला. जोगीण हळू बोलली, "डफाला भ्याला आणि दुसऱ्यावर नगारा वाजवला. मणी पडणं ही फजिती होती. कलंक त्यानंतर लागला, आणि तो त्याचा त्यालाच. वेशीवर जा. खरा नगारा वाजला की खोटा पुसला जाईल. किंवा त्याने आपल्या तोंडाने कलंक आपला म्हणावा, तरीही पुसला जाईल."

वेशीवर लोक जमले. राजा आला, त्याची आई राजमाता चंद्रावळ आली. सुरंगीने दगड राजापुढे ठेवला आणि मण्यातला त्याचा चेहरा सर्वांना दाखवला. नगारची भिवबाने टिपरी उचलली.

"थांबा, भिवबाकाका," सुरंगी म्हणाली.

"का गं? तुझ्यासाठीच वाजवतोय. हा वाजला की तुझा नवरा तुला दिसेल."

सुरंगीने राजमातेकडे पाहिलं. म्हातारी लेकाकडे टक लावून होती, जणू साठवून घेत होती.

"ठाऊक आहे," सुरंगी म्हणाली. "पण चेहरा गेला की घरात मागे काय उरतं, तेही मला ठाऊक आहे. महाराज, टिपरी पडायच्या आत तुम्ही बोललात तर यांना तुम्ही आठवाल."

राजाचे ओठ हलले, थांबले. मण्याची भीती अजून त्याच्या अंगात होती. तो गप्प राहिला असता तर सुरंगीला टिपरी पडू द्यावीच लागली असती.

"मणी माझ्या गळ्यातून पडला," राजा म्हणाला. "लोक हसतील म्हणून भ्यालो. अंबर निर्दोष आहे. कलंक माझा आहे."

दगड जागच्या जागी माती झाला. विहिरींवरून बायकांच्या हाका येऊ लागल्या, "दिसलं गं, दिसलं!" सुरंगी घाटावर धावली. पाण्यात आधी तिला तिचाच चेहरा दिसला, थोडा म्हातारा झालेला. त्याच्या शेजारी नावाड्याचा.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही होता?"

"नावेत बसायचीस," अंबर म्हणाला. आवाज गंजला होता. "मी वल्ही हळू मारायचो. आणि तू पदर सावरून बसायचीस, परक्यासारखी."

"मी बघत होते हो. दिसत नव्हतं."

त्याने तिचा ओला हात धरला. दोघं पायऱ्या चढून वर आली.

वर राजमातेने मणी कुलपात ठेवायला सांगितला आणि किल्ली अंबरच्या हाती दिली. "गादी मी सांभाळते," ती म्हणाली. "यापुढे घंटेआधी नगारा नाही."

राजाने मुकुट काढून आईच्या मांडीवर ठेवला. जोडे काढले. अंबरसमोर येऊन उभा राहिला, हात जोडले, मान वर झाली नाही. मग वळला.

"उदा," म्हातारीने हाक मारली, "जेवून तरी जा, बाळा."

तो क्षणभर थांबला. मग वेशीबाहेर चालू लागला.